८:३८वर अडकलेली वेळ: सराव वाढवायचा की कमी करायचा?

प्रश्न विचारणारी मुलगी नाशिकची, अकरावी सायन्सला, राहायला इंदिरानगरला. आठ महिन्यांपासून रोइंग (शर्यतीची बोट वल्हवणं) करते. उंची १६८ सेंमी, वजन ६१ किलो. आठवड्याचे सहा दिवस पहाटे गोदावरीवर, शिवाय तीन संध्याकाळी एर्गोवर (जमिनीवरच्या रोइंग मशीनवर) ५ किमी, तेही दर वेळी २:१८ ते २:२०च्या स्प्लिटने (५०० मीटरला लागणारा वेळ), रेट २८ (मिनिटाला २८ स्ट्रोक). रात्री क्लासहून येऊन जेवण आणि अभ्यास उरकून झोपायला साडेअकरा होतात, उठायचं पावणेपाचला. एर्गोवरची २ किमीची वेळ तीन महिने झाले ८:३८च्या आसपासच आहे. क्लबमध्ये कोणी म्हणतं तास वाढव, कोणी म्हणतं ५७ किलोवर येऊन लाइटवेट (कमी वजनाच्या गटातली) हो, आणि घरचे म्हणतात बारावीच्या आधी सोडून दे. काय करू?

तुला तीन सल्ले मिळालेत आणि तिन्ही तुझ्या अडचणीला सोडून आहेत. तुझे तास कमी पडत नाहीत, वजन जास्त नाही, आणि अभ्यास व रोइंग एकत्र जमतच नाही असंही नाही. अडचण अशी आहे की तुझे सगळे दिवस एकसारखे आहेत: रोज बऱ्यापैकी दमवणारे, पण एकही दिवस पुरेसा हलका नाही आणि एकही खऱ्या अर्थाने जोराचा नाही. त्यात झोप सव्वापाच तास. असं शरीर पहिले चार-पाच महिने सुधारतं, कारण नवख्याला काहीही केलं तरी फायदा होतो. मग ते थांबतं. तुझं तेच झालंय.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचे कोच सराव किती बदलू देतील, कॉलेजची वेळ काय, येत्या तीन महिन्यांत स्पर्धा आहे का, तुझी उंची अजून वाढतेय का, हे मला तुझ्या प्रश्नावरून कळत नाही. स्पर्धा सहा आठवड्यांच्या आत असेल तर खालचं सगळं एकदम बदलू नकोस; फक्त झोप आणि हलके दिवस एवढंच घे.

आधी आकडे बघू. सायन्सला आहेस, तेव्हा हे तुला सोपं जाईल. एर्गो वेगावरून शक्ती काढतो ती अशी: स्प्लिटच्या सेकंदांना ५००ने भागायचं, आलेल्या संख्येचा घन करायचा आणि २.८०ला त्या घनाने भागायचं. उत्तर वॉटमध्ये येतं. ८:३८ म्हणजे २:०९.५चा स्प्लिट, म्हणजे साधारण १६१ वॉट. तुला ८:१८ हवी असेल तर स्प्लिट २:०४.५ आणि शक्ती १८१ वॉट. वेळेत २० सेकंदांचा, म्हणजे चार टक्क्यांहून कमी फरक, पण शक्ती जवळपास १३ टक्के जास्त लागते. पाण्याचा किंवा पंख्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, म्हणून वर वर जाताना एकेक सेकंद महाग होत जातो. दर महिन्याला दहा सेकंद तुटतील ही अपेक्षाच आता सोडून दे. ते दिवस पहिल्या सहा महिन्यांत संपले.

आता तुझं रोजचं ५ किमी. २:१९ म्हणजे १३० वॉट, तुझ्या २ किमीच्या शक्तीच्या ८० टक्के. २ किमी ८:३८ला मारणारी मुलगी ५ किमीची चाचणी जीव तोडून दिली तर साधारण २:१६ला देईल. म्हणजे तू आठवड्यातून तीनदा जवळजवळ चाचणीच देतेस आणि त्याला सराव म्हणतेस. हृदय, रक्तवाहिन्या आणि स्नायूंतली ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणा ज्या लांब, शांत कामाने वाढते ते काम यात होत नाही. आणि दुसऱ्या दिवशी खरा जोर लावायला लागणारा ताजेपणाही उरत नाही.

२ किमीची शर्यत आठ-साडेआठ मिनिटं चालते. बघणाऱ्याला ती ताकदीची वाटते, पण तिच्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच तयार होते. म्हणूनच जगभर चांगल्या संघांचं बहुतेक काम, साधारण दहापैकी आठ भाग, हलक्या गतीचं असतं. तुझ्यासाठी हलकं म्हणजे २ किमीच्या शक्तीच्या ५० ते ६० टक्के, म्हणजे ८० ते ९७ वॉट. स्प्लिटमध्ये २:३३ ते २:४३. हो, एवढं हळू. शेजारच्या एर्गोवरची मुलगी २:२०वर ओढत असताना तू २:३८वर बसलेली असशील आणि लाज वाटेल. वाटू दे. तपासायची सोपी खूण: अख्खं वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास लागत असेल तर गती जास्त आहे, आकडा काहीही दाखवो. उकाड्यात किंवा झोप कमी झालेल्या दिवशी तीच गती जड जाते. तेव्हा आकडा सोडायचा आणि श्वास धरायचा.

पण हळू म्हणजे ढिलं नव्हे. इथेच बहुतेक मुलांची गडबड होते. २:१९च्या गतीने रेट २८ला तू एका स्ट्रोकमध्ये ७.७ मीटर जातेस आणि स्ट्रोकमागे सुमारे २८० ज्यूल काम करतेस. तीच तू २:३५ला रेट १८वर बसलीस तर एका स्ट्रोकमध्ये १०.७ मीटर जाशील आणि काम होईल ३१० ज्यूलच्या वर. एकूण शक्ती कमी, दम कमी, पण प्रत्येक स्ट्रोक मोठा. रेट २८ला तू स्ट्रोक लांब करत नाहीस, नुसते जास्त मारतेस. आठ महिन्यांच्या रोअरची वेळ अडकण्याचं हे दुसरं मोठं कारण.

रेट १८ला काय बघायचं ते सांगतो, कारण नुसतं हळू मारलं तर काहीच बदलत नाही. ड्राइव्हमध्ये, म्हणजे वल्हं ओढताना, क्रम पाय, मग धड, मग हात. परत जाताना नेमका उलटा: हात, धड, मग गुडघे. हात गुडघ्यांच्या पुढे गेल्याशिवाय गुडघे वर यायचे नाहीत. स्लाइडवर, म्हणजे सरकत्या सीटवर, पुढे जायला ड्राइव्हच्या दुप्पट वेळ घ्यायचा. पुढे घाईने आपटत गेलीस तर तुझं ६१ किलोचं वजन १४ किलोच्या बोटीला मागे ढकलतं. एर्गो जमिनीवर रोवलेला असतो म्हणून तिथे हे कळत नाही, पण पाण्यावर कॅचच्या, म्हणजे पातं पाण्यात घालण्याच्या, क्षणी बोट अडखळल्यासारखी वाटते ती यामुळेच. कॅचला पिंडऱ्या जवळपास उभ्या, त्याहून पुढे नाही. पुढे वाकायचं ते खुब्यातून, कंबर गोल करून नव्हे. आणि पहिल्या क्षणी खांदे ओढायचे नाहीत, पायाने ढकलायचं. हात तोपर्यंत नुसते हूक. आठवड्यातून एकदा मोबाइल बाजूला ठेवून दहा स्ट्रोकचा व्हिडिओ घे आणि एकच गोष्ट बघ. पाच गोष्टी एकदम सुधारायला गेलं की एकही सुधारत नाही.

एर्गोबद्दल एक तांत्रिक गोष्ट. क्लबमध्ये मुलं डॅम्पर दहावर ठेवून ओढतात आणि त्यालाच ताकद समजतात. डॅम्परचा आकडा हा फक्त हवेची खिडकी किती उघडी आहे ते सांगतो. खरा भार ड्रॅग फॅक्टर दाखवतो, आणि तो मॉनिटरच्या जास्त पर्यायांमध्ये बघता येतो. तुझ्या वजनाला १०५ ते ११५ पुरे. पंख्याच्या जाळीत धूळ साचली की त्याच डॅम्परवर ड्रॅग उतरतो, त्यामुळे दोन एर्गोंवर पाचचा आकडा सारखा नसतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ. म्हणून तिथे लावलेला डॅम्पर इथे जरा हलका लागतो. बसल्यावर आधी ड्रॅग बघायचा, वहीत लिहायचा. ड्रॅग माहीत नसेल तर दोन महिन्यांपूर्वीची वेळ आणि आजची वेळ यांची तुलना करण्यात अर्थ नाही. साखळीला साधारण ५० तासांच्या वापरानंतर तेलाचा हात फिरवायचा. क्लबमध्ये हे कोणाचंच काम नसतं, म्हणून कोणीच करत नाही.

आता आठवडा. तुझ्या वेळा बघून मी तो असा मांडेन. सोमवार पूर्ण सुट्टी. मंगळवारी पहाटे पाणी, ७० ते ७५ मिनिटं, रेट १८, फक्त तंत्र. बुधवारी संध्याकाळी एर्गोवर १५ मिनिटांचे तीन तुकडे, रेट १८ ते २०, मध्ये दोन मिनिटं पाणी पिण्यापुरती, आणि त्यानंतर अर्धा तास ताकदीचे व्यायाम. गुरुवारी पहाटे पाणी आणि जोर: वॉर्मअपनंतर दोन मिनिटांचे सहा तुकडे रेट २६ ते २८वर, प्रत्येकानंतर तीन मिनिटं हलकं. शुक्रवारी सकाळी झोप, संध्याकाळी ४० मिनिटं ताकद. शनिवारी आठवड्यातलं सगळ्यात कठीण काम: एर्गोवर १००० मीटर चार वेळा, २:१३ ते २:१५च्या स्प्लिटने, मध्ये चार-पाच मिनिटं विश्रांती. रविवारी पाण्यावर लांब आणि शांत, ९० मिनिटं, जमलं तर डबल किंवा क्वाडमध्ये (दोघांच्या किंवा चौघांच्या बोटीत). एकूण जोराचे दिवस दोन, त्यांच्यात किमान ४८ तासांचं अंतर. कॉलेजच्या दिवशी पहाटे उठणं सहावरून दोनवर आलं, आणि तरी हलक्या गतीचं खरं काम आधीपेक्षा कितीतरी जास्त झालं.

शनिवारचं काम नीट कर. चारही तुकडे सारख्या वेळेत यायला हवेत. पहिला २:०८ला आणि चौथा २:२१ला आला तर तू पहिला तुकडा शर्यतीसारखा मारलास, सरावासारखा नाही. चौथा संपल्यावर अजून एक जमला असता असं वाटलं पाहिजे. पुढच्या शनिवारी स्प्लिट अर्ध्या सेकंदाने खाली, त्याहून घाई नको.

ताकदीत जिमचे चाळीस प्रकार नकोत. स्क्वॉट, खुब्यातून वाकून वजन उचलणं, डंबेल रो, आणि पोट-कंबरेसाठी प्लँक व साइड प्लँक. प्रत्येकी आठचे तीन सेट, शेवटचे दोन रेप व्यवस्थित निघतील एवढंच वजन. पहिले सहा आठवडे कोणीतरी जाणकार समोर असल्याशिवाय वजन वाढवू नकोस. सोळाव्या वर्षी कंबर दुखावली तर ती पुढची दहा वर्षं साथ सोडत नाही.

पाण्याचं गणित नाशिकचं स्वतःचं आहे. जुलै ते सप्टेंबरात गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की गोदावरीवर बोट घालायचीच नाही. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला हे बघायला अख्खं गाव जातं, पण त्याच पाण्यात वरून ओंडके आणि झाडाच्या फांद्याही येतात. गढूळ पाण्यात त्या दिसत नाहीत आणि रोअर तर पाठमोराच बसलेला असतो. हे तीन महिने एर्गो, ताकद आणि पळणं-सायकल यांचे. ज्याने पावसाळ्यात शांतपणे पाया घातला तो दिवाळीनंतर पुढे दिसतो, आणि ज्याने पाणी नाही म्हणून सुट्टी घेतली तो डिसेंबरपर्यंत आधीच्या जागी पोहोचण्यातच घालवतो. पाणी ओसरलं की पाणवेलींचा त्रास. वेल बोटीच्या खालच्या फिनला अडकली की बोट विनाकारण एका बाजूला ओढते आणि मुलं वल्हं जोरात मारून ती सरळ करत बसतात. थांबायचं, दोन-तीन स्ट्रोक उलटे मारायचे, वेल सुटते. पात्यात अडकली तर वल्हं पाण्याबाहेर येत नाही, यालाच क्रॅब बसणं म्हणतात. तेव्हा मूठ सोडून द्यायची नाही, पण ताकदही लावायची नाही. बोट थांबू द्यायची. गंगापूरच्या बॅकवॉटरला लांब सरळ पाणी मिळतं, पण ऊन चढलं की वारा सुटतो. तिथे जायचं तर लवकर, आणि सोबत लाँच (मोटरबोट) किंवा किमान दुसरी बोट असल्याशिवाय नाही. थंडीत दाट धुकं असेल तर काठ दिसेपर्यंत बोट रॅकवरच. उलटलीस तर बोट सोडून काठाकडे पोहायचं नाही, बोट तरंगते, तिला धरून राहायचं. बुटांच्या टाचेची दोरी सात सेंमीपेक्षा लांब नाही ना, हे दर वेळी बसण्याआधी बघ. उलटल्यावर पाय त्या दोरीमुळेच सुटतात.

एर्गोवर ठीक पण पाण्यावर मागे, असं होत असेल तर तुझ्या बोटीचं सेटिंग बघ. क्लबच्या सिंगल (एकट्याच्या बोटी) बहुधा मोठ्या मुलांच्या वजनाच्या असतात. ८० किलोच्या रोअरसाठी बनवलेल्या बोटीत ६१ किलोची मुलगी पाण्यापासून फार उंच बसते, हात खाली जात नाहीत, आणि ती खांदे वर करून ओढायला लागते. गेट (वल्हं ज्यात बसतं ती कडी) एकेक वॉशरने खाली घे, फिनिशला (स्ट्रोकच्या शेवटी) मुठी खालच्या बरगड्यांजवळ आल्या पाहिजेत. फूटबोर्ड (पाय टेकवायची फळी) असा लाव की फिनिशला अंगठे अंगाला जेमतेम घासून जातील. स्पॅन (दोन्ही बाजूंच्या गेटमधलं अंतर) १६० सेंमी असेल तर वल्ह्याचा आतला भाग ८८ सेंमीच्या आसपास, म्हणजे निम्मा स्पॅन अधिक आठ. कोचना विचारून एका वेळी एकच बदल कर आणि तीन दिवस तसाच ठेव.

शर्यतीचं वाटपही तुझं चुकत असणार, हे मी न बघता सांगतो, कारण नव्या मुलांपैकी बहुतेकांचं चुकतं. पहिले २५० मीटर १:५५ने जाणं म्हणजे २३० वॉट, तुझ्या सरासरीच्या ४० टक्क्यांहून जास्त. तेवढं देऊन चाळीस-पन्नास सेकंद छान वाटतं आणि १२०० मीटरला पाय दगड होतात. मग शेवटचे ८०० मीटर २:१५ने जातात आणि आपण म्हणतो दम नाही. सुरुवातीचे पाच स्ट्रोक आखूड-लांब करत वेग घ्यायचा, दहा जोराचे, आणि लगेच ठरवलेल्या स्प्लिटवर उतरायचं. ८:३० ठरवली असेल तर ५००चे चार तुकडे २:०७, २:०८, २:०८.५ आणि २:०६.५ असे. तिसरा ५०० सगळ्यात एकाकी असतो, तिथे स्प्लिट अर्ध्या सेकंदाने घसरला तर घसरू दे, रेट मात्र टिकव.

आता वजन. ५७ हा आकडा तुला कोणी दिला ते कळतं: लाइटवेट महिलांच्या क्रूची सरासरी ५७ किलो आणि वैयक्तिक कमाल ५९. पण २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमध्ये लाइटवेट प्रकारच उरलेला नाही. तू सोळा वर्षांची, १६८ सेंमी, कदाचित अजून वाढतही असशील, आणि तुझ्या अडचणीचं मूळच अपुरी भरपाई हे आहे. अशा वेळी चार किलो उतरवणं म्हणजे थकलेल्या शरीराचं इंधनही कापणं. पाळी अनियमित झाली किंवा दोन-तीन महिने आलीच नाही तर ते सरावाचं चिन्ह समजू नकोस, तो डॉक्टरकडे जाण्याचा इशारा आहे. आणि एकदा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे. लोह कमी असलेल्या मुलीला कितीही चांगला सराव दिला तरी दम वाढत नाही, आणि तिला स्वतःलाच आपण आळशी झालोय असं वाटतं.

खाण्यात प्रथिनं दिवसाला ८५ ते ११० ग्रॅम धर, वजनाच्या किलोमागे १.४ ते १.८ ग्रॅम. पहाटे बोटीवर जाण्याआधी एक केळं आणि दोन-तीन खजूर. परतल्यावर तासाभरात खरा नाश्ता. नुसते कांदेपोहे पुरत नाहीत; त्याबरोबर दोन अंडी किंवा वाटीभर मोडाची मटकी, मूठभर शेंगदाणे आणि मोठा पेला दूध. अंड्याला सहा ग्रॅम, २५० मिली दुधाला आठ, ३० ग्रॅम दाण्यांना सात-आठ, १०० ग्रॅम पनीरला अठराच्या आसपास, असा हिशोब एकदा आईबरोबर बसून कर. बहुतेक घरांत रात्रीचं जेवण ठीक असतं आणि सकाळ रिकामी जाते. चहा जेवणाला लागून घेऊ नकोस, तासाभराने घे, तो लोह शोषू देत नाही. डाळीवर लिंबू पिळ. उपवास करत असशील तर त्या दिवशी साबुदाण्यावर जोराचा सराव नको. सोमवारची सुट्टी उपवासाच्या दिवशी सरकवली तरी चालते, किंवा राजगिरा, दही, दाणे यांवर हलकं काम.

झोपेला पर्याय नाही आणि यावर मी जरा हट्टी आहे. तुझ्या वयाला आठ ते दहा तास लागतात. सव्वापाच तासांवर सराव केला की शरीर मोडतं तेवढं पुन्हा बांधलं जात नाही, आणि गणिताच्या तासाला डोळे मिटतात ते वेगळंच. मंगळवार आणि गुरुवारच्या आदल्या रात्री पावणेदहाला दिवा बंद, म्हणजे पावणेपाचपर्यंत सात तास तरी होतात. उरलेला तास-दीड तास त्या दिवशी दुपारी किंवा शुक्रवार-सोमवारच्या सकाळी भरून काढायचा. क्लासची बॅच बदलून मिळत असेल तर हा एक बदल एखाद्या नव्या सराव सत्रापेक्षा जास्त देईल. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिही. सलग दोन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोके वर असेल तर त्या दिवशी जोराचं काम हलकं करून टाक.

दुखण्यांचं थोडक्यात. मनगटाच्या वर सूज आणि हलवताना करकर आवाज आला तर मूठ फार आवळतेयस. वल्हं बोटांच्या हुकात धरायचं, तळव्यात नाही. बरगडीत एकाच जागी, खोकताना किंवा दीर्घ श्वास घेताना दुखत असेल तर त्याच दिवशी थांब आणि डॉक्टरला दाखव, तो बारीक फ्रॅक्चर असू शकतो आणि त्याला आठवडे द्यावे लागतात. हाताचे फोड सोलू नकोस. फुटलेला असेल तर साबणाने धुऊन चिकटपट्टी, आणि शहरातलं गोदावरीचं पाणी त्या जखमेला लागू देऊ नकोस. त्या दिवशी एर्गोही नको, सायकल चालव.

घरच्यांच्या काळजीला उत्तर देता येतं, पण ते वेळापत्रक दाखवून, भांडून नाही. परीक्षेच्या तीन आठवड्यांत सराव तीन सत्रांवर आण, प्रत्येकी ४० मिनिटं, त्यातलं एक जोराचं. एवढ्याने कमावलेलं बहुतेक टिकतं, कारण टिकवायला लागणारं काम वाढवायला लागणाऱ्या कामापेक्षा बरंच कमी असतं. स्पर्धेच्या प्रमाणपत्रांवर मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी आणि पुढे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी कागद वेळेवर लागतात. त्यामुळे प्रवेशपत्रिका आणि मूळ प्रमाणपत्र दोन्ही जपून ठेव, आणि त्या वर्षीची मुदत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून आधीच विचारून घे. कॉलेजच्या भरवशावर राहून मुदत हुकलेली मुलं दर वर्षी भेटतात. मात्र फक्त गुणांसाठी पहाटे पावणेपाचला उठणं दोन महिन्यांच्या वर कोणाला जमलेलं मी पाहिलं नाही.

नाशिकमध्ये कोणीतरी तुला दत्तू भोकनळचं नाव घेऊन सुनावणारच. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा माणूस सैन्यात गेल्यावर, विशी उलटल्यावर रोइंगकडे आला. २०१६ला रिओमध्ये सिंगल स्कल्समध्ये एकंदर १३वा आला, आणि २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये क्वाड्रपल स्कल्सचं सुवर्ण मिळवणाऱ्या चौघांत होता. यातून सोळाव्या वर्षी उशीर झालेला नाही एवढं नक्की घे. पण त्याच्यासारखे तास काढ असं कोणी म्हणालं तर विचार, त्याच्यासारखी विश्रांती आणि खुराक कोण देणार? सैन्यातल्या खेळाडूला दोन सत्रांच्या मध्ये जेवून झोपायला मिळतं. तुला त्या वेळात केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल असतं.

कोचना हे सांगताना "माझा सराव कमी करा" म्हणू नकोस. वही दाखव: तीन महिन्यांच्या वेळा, झोपेचे तास, सकाळची नाडी. आणि आठ आठवड्यांची मुदत माग. या काळात २ किमीची चाचणी अजिबात देऊ नकोस. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात आणि आठव्या आठवड्यात ३० मिनिटं रेट २०वर दे, रेट एकही वर नाही, ड्रॅग दोन्ही वेळा तोच. पहिल्यांदा २:२५ला, म्हणजे सुमारे ६२०० मीटर, आलीस तरी ठीक. आठव्या आठवड्यात ते ६३५०च्या पुढे गेलं, तर त्यानंतर चार-पाच दिवस हलकं राहून २ किमी दे, वेळ हललेली असेल. ३० मिनिटांचं सुधारलं पण २ किमी नाही, तर वाटप बघ, पहिले ५०० जास्त जोरात जातायत. दोन्ही जागचे हलले नाहीत, तर सरावाला हात लावण्याआधी झोपेची वही आणि फेरिटिनचा रिपोर्ट पुन्हा उघड.